चित्र काढणारं व्याकरण

नांदेडच्या एखाद्या शाळकरी मुलाला ‘गोदावरीचा पूर’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगा. पहिल्या ओळीत ‘रौद्र’ येईल, दुसरीत ‘अक्राळविक्राळ’, तिसरीत ‘अथांग’. विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडल्यावर तोच मुलगा घाटावरून पळत घरी आला आणि पाणी कुठवर आलंय असं आईनं विचारलं, तर तो म्हणेल, “बघता बघता खालच्या पायऱ्या गेल्या की गं! ओट्याला लागायलंय पाणी.” या उत्तरात विशेषण आहे ते ‘खालच्या’ एवढं एकच, आणि तेही फक्त जागा सांगणारं. पूर मात्र समोर दिसतो. वहीतल्या दहा ओळींत तो दिसत नाही.

वर्णन म्हणजे विशेषणं, अशी समजूत आपल्याकडे फार खोल गेलेली आहे. ‘निसर्गरम्य’, ‘नयनमनोहर’, ‘विलोभनीय’ हे शब्द निबंधात आले की गुण वाढतात, असं मुलांना कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. मराठी वाक्यात चित्र उभं करण्याची खरी ताकद क्रियापदात आणि त्याच्या आगेमागे येणाऱ्या रूपांत आहे. ‘बघता बघता’ हे धातुसाधित, ‘गेल्या की’ मधला ‘की’ हा निपात, आणि ‘लागायलंय’ हे खास या भागातलं चालू काळाचं रूप. मुलगा व्याकरणच बोलला, फक्त ते त्याच्या पुस्तकातल्या व्याकरणाच्या धड्यासारखं वाटत नाही इतकंच.

दोष त्या धड्याचाही आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ मध्ये आलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. दामल्यांचा तो जाडजूड ग्रंथ उघडला की मराठी क्रियापद किती तऱ्हांनी वळतं, ते बघून थक्क व्हायला होतं. पण वर्गात त्यातलं उरतं काय, तर ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं धातुसाधितं, प्रयोग, समास घडाघडा सांगतात. ओळखता येतात, गुण मिळतात, आणि स्वतः चार ओळी लिहायची वेळ आली की पुन्हा ‘नयनमनोहर’.

धातुसाधितांपासूनच सुरुवात करू. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या हंगामात उभं राहून कुणी लिहिलं: ‘हमाल आला. त्यानं पोतं उचललं. तो फळीवरून ट्रकमध्ये गेला. त्यानं पोतं थप्पीवर टाकलं. तो परत आला.’ माहिती सगळी आहे, पण पाच वाक्यांत हमाल पाच वेळा थांबतो. आता हे बघा: ‘पोतं पाठीवर घेऊन, फळी लचकत असतानाच पाय रोवत हमाल ट्रकमध्ये शिरला आणि थप्पीवर पोतं आपटून तसाच मागं वळला.’ एकही विशेषण वाढवलेलं नाही. ‘घेऊन’ आणि ‘आपटून’ यांनी आधीचं काम पुढच्या कामाला जोडलं, ‘असताना’नं एकाच वेळी चाललेल्या दोन गोष्टी एका चौकटीत आणल्या, ‘रोवत’नं चालण्याची रीत दाखवली. हमाल थांबत नाही, कारण वाक्यच थांबत नाही.

‘-ऊन’, ‘-त’, ‘-ता’, ‘-ताना’, ‘-ताच’ या प्रत्येकाचा काळाशी वेगळा संबंध आहे. ‘सौदा उरकून गर्दी पांगली’ यात एकामागून एक अशी शांत क्रमवारी आहे. ‘सौदा उरकताच गर्दी पांगली’ म्हटलं की घाई आली. ‘सौदा उरकता उरकता गर्दी पांगली’ यात अर्धी माणसं आधीच पाठ फिरवून चालू लागलेली दिसतात.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. ‘-ऊन’चा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता साधारणपणे एकच असावा लागतो. ‘बाजार समितीत जाऊन भाव पडले होते’ असं लिहिलं तर बाजार समितीत भावच चालत गेले असं होतं. वर्तमानपत्रांत अशी वाक्यं रोज सापडतात. हेच ‘बाजार समितीत गेलो तर भाव पडलेले’ असं लिहिलं की चूक तर सुधारतेच, वर धक्काही येतो. ‘गेलो तर’ आणि शेवटी ‘आहेत’ किंवा ‘होते’ न लावता उघडंच सोडलेलं ‘पडलेले’: आपण पोचण्याआधीच सगळं होऊन गेलं होतं, हा हताशपणा त्या रचनेतच आहे. ‘बघतो तर दाराला कुलूप’, ‘येऊन बघते तर चूल विझलेली’. मराठवाड्यात कुठल्याही ओट्यावर बसा, गोष्ट सांगणारा माणूस पाच मिनिटांत एकदा तरी ‘बघतो तर’ म्हणतोच. भूतकाळातली गोष्ट वर्तमानकाळात आणून ऐकणाऱ्याला दारात उभं करायचं आणि मग दार उघडून दाखवायचं, असं हे तंत्र आहे.

‘-णारा’ आणि ‘-लेला’ ही रूपं नामाआधी आली की आख्खं वाक्य दोन-तीन शब्दांत मावतं. ‘गंजगोलाई हा लातूरचा मध्यवर्ती भाग आहे. तिला सोळा रस्ते मिळतात. मध्ये जगदंबेचं देऊळ आहे.’ हे झालं पाठ्यपुस्तक. ‘सोळा रस्त्यांना कवेत घेऊन मधोमध जगदंबेला बसवलेली गंजगोलाई’ असं म्हटलं की नकाशाही कळतो आणि गोलाई काहीतरी करताना दिसते. मात्र अशा रचना एकीत एक घालत गेलं की वाक्य सरकारी होतं: ‘शासनाने मंजूर केलेल्या निधीतून बांधण्यात आलेल्या इमारतीत सुरू करण्यात येणाऱ्या केंद्रासाठी…’ इथपर्यंत येता येता वाचक उठून गेलेला असतो. एका नामाआधी एक, फार तर दोन.

आता संयुक्त क्रियापद. मला स्वतःला मराठीतली ही सर्वांत धारदार सोय वाटते. मुख्य क्रियापदाचं धातुसाधित आणि त्याच्या पाठीवर दुसरं छोटं क्रियापद. त्या दुसऱ्याचा मूळ अर्थ बहुतेक विरून गेलेला असतो आणि उरते ती बोलणाऱ्याची नजर. एका शेतकऱ्यानं जमीन विकली, एवढीच घटना घ्या. ‘जमीन विकली’: बातमी. ‘जमीन विकून टाकली’: एकदाचं मोकळं झाल्याचा सुस्कारा किंवा बेफिकिरी. ‘जमीन विकून बसला’: आता पस्तावतोय, आणि सांगणाऱ्याला ते पसंत नाही. ‘जमीन विकून घेतली’ म्हटलं तर कुणीतरी आपला फायदा बघितला. ‘जमीन विकून दिली’ तर दुसऱ्यासाठी केलं. ‘जमीन विकत गेला’ म्हटलं की एकेक तुकडा, वर्षामागून वर्ष. ‘जमीन विकायला काढली’ यात ती अजून गेलेली नाही, पण गावात चर्चा सुरू झालेली आहे. कथाकाराला इथे माणसाचा स्वभाव, परिस्थिती आणि गावाचं मत एका क्रियापदात मिळतं. ‘दुर्दैवी’, ‘हतबल’, ‘अविचारी’ ही विशेषणं त्यापुढे फिकी पडतात, कारण ती लेखकानं वरून चिकटवलेली असतात.

काही प्रसंग असे असतात की तिथे विशेषण लावणं हा जवळजवळ अपराध वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, थकलेली माणसं झोपेत. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत घरं होती ती जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचं जड माळवद. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यावर तेव्हा जे लिहिलं गेलं त्यात ‘भीषण’, ‘हृदयद्रावक’, ‘प्रलयंकारी’ या शब्दांची कमतरता नव्हती. ते शब्द आज वाचताना काहीच होत नाही. अशा वेळी मराठीकडे एक वेगळी ठेवण आहे: माणसाला कर्तेपणावरून बाजूला करणारी. ‘दार उघडेना’, ‘माती हलेना’, ‘हाक ऐकू येईना’. यातला ‘-ना’ म्हणजे नुसता नकार नव्हे. ‘दार उघडलं नाही’ यात एकदा प्रयत्न झाला आणि संपला. ‘दार उघडेना’ यात प्रयत्न चाललाय, पुन्हा पुन्हा चाललाय आणि दार तसंच आहे.

त्याच्याच शेजारी शक्य क्रियापद. ‘बोलवेना’, ‘चालवेना’, ‘बघवेना’. ‘मी बघू शकलो नाही’ या वाक्यात मी आहे, माझी असमर्थता आहे. ‘मला बघवेना’ यात डोळे उघडे आहेत, समोर काहीतरी आहे, आणि ते आत घेण्याची शक्ती शरीरातून निघून गेलेली आहे. काय होतं, किती वाईट होतं, ते सांगण्याची गरजच उरत नाही. हे ‘-व-’ इतकं लहान आहे, आणि तरी अलीकडच्या लेखनातून ते हरवत चाललंय. जिकडेतिकडे ‘करू शकलो नाही’, ‘जाऊ शकलो नाही’. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका अजून ‘जाववंना’, ‘खाववंना’ म्हणतात आणि त्यांचं दुखणं आपल्याला लगेच कळतं.

ध्वनीवरून आलेल्या शब्दांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहेत आणि त्यांची उधळपट्टीही खूप होते. ‘-कन’ आणि ‘-दिशी’ लावून मराठी कुठल्याही आवाजाचं क्रियाविशेषण करते: धाडकन, भसकन, चटदिशी, खाडदिशी. एखाद्या पानावर एकदा ‘खाडदिशी’ आला तर वाचक दचकतो. पाचदा आला तर ते बालसाहित्य होतं. द्विरुक्तीचं तसं नाही, ती अधिक सोसते. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात भरते, जनावरांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. तिथली गर्दी ‘प्रचंड’ होती असं लिहून काही साधत नाही. ‘पालाला पाल लागलेलं, घोड्याला घोडा भिडलेला, उंटांच्या रांगाच्या रांगा’ असं म्हटलं की मोजदाद वाचक आपली आपण करतो. ‘-ला’ हा एवढासा प्रत्यय एकाच नामाच्या दोन रूपांत घातला की मधली मोकळी जागा नाहीशी होते.

शब्दांचा क्रमही व्याकरणच. मराठीत क्रियापद शेवटी येतं हे खरं, पण क्रियापदाच्या लगेच आधी जे बसतं त्यावर जोर पडतो, हे सहसा शिकवलं जात नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली ती दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. ‘रेल्वेनं लातूरला पाणी आलं’: आलं काय, तर पाणी. ‘लातूरला पाणी रेल्वेनं आलं’: नळानं नाही, टँकरनं नाही, रेल्वेनं. आणि बोलताना लोक म्हणत ते ‘आलं बाबा पाणी!’ इथे क्रियापदच पुढे उडी मारून येतं, कारण वाट बघण्याचा शेवट त्यात आहे. ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘सुद्धा’ हे निपात याच कामात मदतीला येतात. ‘पाणीसुद्धा रेल्वेनं’ या दोन शब्दांत लातूरच्या त्या उन्हाळ्याचं अर्धं वर्णन आहे, आणि क्रियापद गाळून टाकल्यामुळे ते अधिक झोंबतं.

आता या भागाच्या स्वतःच्या रूपाकडे यायला हवं, कारण त्याची टिंगल फार झाली आहे. नांदेडकडे ‘काय करायलास?’, ‘जेवायलो’, ‘पाऊस यायलाय’. लातूर, उदगीर, निलंग्याकडे ‘काय करूलालास?’, ‘येऊलालंय’. गाव बदललं की रूप थोडं बदलतं, पण धाटणी एकच. ‘येऊलालंय’मध्ये ‘येऊ लागलं आहे’ स्पष्ट ऐकू येतं. प्रमाण मराठीत ‘येऊ लागलं’ म्हणजे आरंभ झाला. इथे तेच रूप चालू क्रियेसाठी राबतं. माझ्या कानाला त्या ‘लागण्या’ची थोडी धग अजून जाणवते. ‘पाऊस येतोय’ हे खिडकीतून बघून सांगितल्यासारखं वाटतं. ‘पाऊस यायलाय’ म्हणणारा माणूस वाळत घातलेल्या तुरीकडे धावत असतो. हा माझ्या कानाचा पक्षपात असेलही. तरी शहरातल्या नाटका-सिनेमांनी हे रूप फक्त हसवण्यासाठी वापरलं, यात बोलीचं काही बिघडलं नाही. नुकसान झालं ते लिहिणाऱ्यांचं, कारण ते आपल्याच घरातलं रूप कागदावर आणायला लाजू लागले.

हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि देगलूर, बिलोली, उदगीरला तेलुगू-कन्नड तर बाजारातच ऐकू येते. त्यामुळे वाक्यं जोडण्याच्या काही लकबी मराठी, दखनी, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांना समाईक झाल्या. ‘येतो म्हणून गेला’ यातला ‘म्हणून’ बघा. दखनी उर्दूत माणूस ‘आता बोलके गया’ म्हणतो. तेलुगूतलं ‘अनि’ आणि कन्नडमधलं ‘अंत’ हेच काम करतात: दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उचलून आपल्या वाक्यात ठेवायचं. याचा फायदा असा, की ‘त्याने आपण येत असल्याचे सांगितले’ या कोरड्या वाक्यात जो आवाज मरतो, तो ‘आत्ता येतो म्हणून गेला, अजून नाही आला’ यात जिवंत राहतो. पत्रकारांनी एवढी एक गोष्ट उचलली तरी बातम्या वाचनीय होतील.

कागदावर हे करून दाखवलेलं उदाहरण याच मातीतलं आहे. लातूरजवळच्या काटगावात जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ मध्ये आली. गंगाराम शिंप्याची बायको पार्वती ती सगळी गोष्ट सांगते, आणि तिच्या बोलीतच सांगते. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत, अशी त्या काळात ग्रामीण कथेची सोयीची वाटणी होती. बोराड्यांनी इथे निवेदनच पार्वतीच्या हाती दिलं. त्याचा परिणाम वाक्याच्या बांधणीवर होतो. पार्वतीजवळ साहित्यिक विशेषणांचा साठा असायचं कारणच नाही. ती बघते, ऐकते, बघवत नाही तिथे तोंड फिरवते. म्हणून घर कसं उद्ध्वस्त होत गेलं ते तिच्या क्रियापदांतूनच कळत जातं. ज्यांना लिहायचं आहे त्यांनी ही छोटी कादंबरी पेन्सिल घेऊन वाचावी, फक्त क्रियापदांखाली रेघा मारत.

आणि हे काही १९७१ मध्ये सुरू झालेलं नाही. नांदेड जिल्ह्यातलं माहूर महानुभावांना पूज्य. त्या पंथातलं म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, मराठी गद्यातला आरंभीचा मोठा ग्रंथ. त्यातल्या लीळा छोट्या छोट्या, वाक्यं आखूड, प्रश्न आणि उत्तरं समोरासमोर. कोण कुठे बसलं, काय म्हणालं, मग कोण उठलं, यातूनच प्रसंग उभा राहतो. सजवलेलं पंडिती गद्य आपल्याकडे नंतर आलं आणि शाळेत आदर्श म्हणून तेच बसलं. निबंधातल्या ‘विलोभनीय’चं मूळ तिथं आहे, बोलीत नाही.

मराठी शिकवणाऱ्या, विशेषतः नांदेड-लातूरच्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. प्रमाण रूपं मुलांना जरूर शिकवा, परीक्षेत ती लागतात. पण वहीत ‘पाणी चढायलंय’ दिसलं तर लगेच लाल शाई फिरवू नका. त्या वाक्यानं काय साधलंय ते आधी वर्गाला विचारा, मग त्याचं प्रमाण रूप फळ्यावर लिहा आणि दोन्ही शेजारी शेजारी राहू द्या. लाल शाई ‘निसर्गरम्य’साठी राखून ठेवा. तो शब्द खोडून समासात एवढंच लिहा: तिथे काय होत होतं, ते सांग.